काटा

रविवार, पहाटेचे पावणेसात. फेटरीच्या पुढं
काटोल रोड अजून धुक्यात, ओलसर.
मी चालवते आहे. शेजारी बाबा,
मांडीवर दोनशे पानी वही, हातात
शाळेच्या पी. टी. सरांकडून मागून आणलेलं स्टॉपवॉच,
डोळे डावीकडच्या दगडांवर.
"साठवर धर, कुंदा. केसभरही वर नको."

काल सक्करदऱ्याला अकीलनं सांगून पाहिलं होतं,
बोनेटमध्ये डोकं ठेवूनच :
"मीटर बिघडला नाही, साहेब. कंपनीच काटा पुढं ठेवते थोडा.
जास्त दाखवते, कमी नाही दाखवत.
काहून टेन्शन घेऊन राहिले?"
झालं.
वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाशी
नेमकं हेच बोलायला नको होतं.
"जास्त दाखवणं म्हणजेच कमी देणं," बाबा म्हणाले,
आणि अकीलनं डोकं बाहेर काढलं.

इतवारीत वैरागडे साहेब आले
की किराणा ओळ गप्प व्हायची म्हणे.
वजन उलटं करून ते बुडाचं शिसं नखानं तपासत.
कुठं चुंबक, कुठं पारड्याखाली चिकटवलेली चिंच.
एकदा सख्ख्या मेहुण्याचा तराजू जप्त केला.
त्या वर्षी आई दिवाळीला माहेरी गेली नाही.
आणि ह्याच माणसाच्या नाकासमोर
एकवीस वर्षं
गाडी काटा मारत होती.

काटोल ४४. "चालू!"
हिरव्या टोपीचा दगड मागं जातो.
मी काट्याकडं बघते, रस्त्याकडं, पुन्हा काट्याकडं.
संत्र्यांचा एक टेम्पो हॉर्न देत आम्हाला ओलांडून गेला,
बाबांनी त्याच्याकडंही संशयानं पाहिलं.
काटोल ३९. "बंद!"

पाच मिनिटं व्हायला हवी होती.
झाली साडेपाच.
वहीत भागाकार, दशांशाच्या पुढं तीन घरं :
चोपन्न पूर्णांक पाचशे पंचेचाळीस.

मग दगडांवर शंका. "हे तरी कुणी तपासले?
कॉन्ट्रॅक्टरनं माती मऊ दिसली तिथं रोवले असतील."
म्हणजे आता झिरो माईलच्या खांबापासून
साखळी घेऊन चालत यायचं का, मी विचारलं.
त्यांनी क्षणभर खरंच विचार केला.
मग टायरवर : झिजलं की चाक लहान होतं, फेरे वाढतात.
मग, खिडकीबाहेर बघत, स्वतःच्या अंगठ्यावर.

गेल्या पावसाळ्यापासून तो बशीत कप वाजवतो.
घरात कुणी त्याचं नाव काढत नाही.
"हा उशिरा दाबतो," ते म्हणाले.
"पण चालू करताना जेवढा उशीर, तेवढाच बंद करताना.
वजा होऊन जातं."
मी मान हलवली.
तेवढाच नव्हता. मी पाहिलं होतं.

म्हणजे आई मागच्या सीटवरून
"अहो, साठ झाले, हळू" म्हणायची
तेव्हा आम्ही चोपन्ननं जात होतो.
म्हणजे अमरावतीला, मावशीच्या लग्नाला,
मुहूर्त चुकला तो रेल्वे फाटकामुळं नाही.
हे मी आईला सांगणार नाही.
बाबा सांगतील, बूट काढायच्या आत.

परतताना काटा सहासष्टवर.
दगड ते दगड साठ सेकंद, एकही कमी नाही, पाचही वेळा.
पाचव्याला त्यांनी वॉच खिशात ठेवलं होतं,
नुसते ओठ हलत होते.

फेटरीला चहा झाला. टपरीवाल्याकडून चिकटपट्टी घेतली,
डॅशबोर्डवर लावली, तिच्यावर बॉलपेननं :
६६ म्हणजे ६०. पडताळले.
खाली सही, जी पूर्वी एका झटक्यात व्हायची.
तिच्याखाली तारीख, आणि सवयीनं :
पुढील पडताळणी एक वर्षानं.

शाई वाळेपर्यंत मी गाडी सुरू केली नाही.